चाँदबिबी : नाव राणीचे, शिक्का सरदारांचा

विवळवेढ्यात आमच्या घरी संध्याकाळी शेजारपाजारची चार-सहा मुले अभ्यासाला बसतात. परवा त्यांतली नववीतली एक मुलगी वाचनालयातून इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे छोटेसे चरित्र घेऊन आली. वाचता वाचता तिने विचारले, "काका, त्या वेळी आपल्याकडे अशी कुणी राणी नव्हती का?" प्रश्न साधा होता, पण उत्तराला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. ते उत्तर वाचक बंधू-भगिनींपुढेही ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

प्रथम एलिझाबेथविषयी थोडे. ती तीन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा १५३६ साली तिच्या आईचा शिरच्छेद झाला, तोही तिच्या बापाच्या, म्हणजे आठव्या हेन्री राजाच्या हुकुमाने. याच हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि देशात कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट असे दोन तट पडले. पुढे एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी गादीवर आली. ती कट्टर कॅथॉलिक. तिच्या पाच वर्षांत सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले. एलिझाबेथलाही १५५४ मध्ये बंडाच्या संशयावरून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकले होते. मेरी वारली आणि १७ नोव्हेंबर १५५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एलिझाबेथ राणी झाली. पुढच्याच वर्षी कायदा करून तिने इंग्लंडचे चर्च पुन्हा राजसत्तेखाली आणले. बापाने घेतलेली 'चर्चचा प्रमुख' ही पदवी मात्र तिने घेतली नाही, 'प्रशासक' एवढाच शब्द ठेवला. बाईला धर्माची प्रमुख मानायला दोन्ही तटांतले लोक कचरत होते, हे ती ओळखून होती. १५७० मध्ये पोपने तिला बहिष्कृत केले, १५८८ मध्ये स्पेनचा राजा फिलिप याने तिच्यावर प्रचंड आरमार धाडले. ती पुरून उरली आणि १६०३ पर्यंत राज्य केले.

या फिलिपचा आपल्या भागाशीही संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट त्याच्याकडे गेला. तेव्हा वसई, तारापूर, डहाणू हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे एलिझाबेथवर चालून गेलेला राजा तोच आपल्या डहाणूचाही धनी होता!

आणि त्याच १५८० साली विजापुरात एका तरुण विधवेची कसोटी सुरू झाली. तिचे नाव चाँदबिबी.

सोलापूरच्या किल्ल्यासह सासरी

चाँदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. निजामशाही आणि आदिलशाही यांचे हाडवैर. पण विजयनगरविरुद्ध एकत्र यायचे ठरले, तेव्हा तह पक्का करण्यासाठी १५६४ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न लावण्यात आले. दोन्ही राज्ये ज्यासाठी भांडत आली, तो सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला. त्यानंतर लवकरच, १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली.

दरबारात धर्माचे तट इथेही होते. विजापूरचा आधीचा सुलतान सुन्नी पंथाचा. १५५८ मध्ये अली गादीवर आला आणि त्याने शिया पंथ राज्याचा केला. एलिझाबेथचेही राज्यारोहण त्याच सालचे! इराण-तुर्कस्तानातून आलेले सरदार, त्यांना 'परदेशी' म्हणत, ते बहुतेक शिया. दखनी सरदार आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले हबशी हे बहुतेक सुन्नी. पंथाच्या भांडणाखाली खरे भांडण जहागिरी आणि मानाच्या जागा यांचे होते. राजा बदलला की पंथ बदले, आणि पंथाबरोबर कुणाची चूल पेटायची नि कुणाची विझायची तेही बदले.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. दिराचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम गादीवर बसला आणि त्याला सांभाळण्याची जबाबदारी चाँदबिबीवर आली.

दोन वर्षांत तीन कारभारी

पहिला कारभारी कामिलखान. त्याने थोड्याच दिवसांत राणीचा मान ठेवायचे सोडले. तिने किश्वरखान नावाच्या सरदाराला हाताशी धरून त्याला दूर केले, त्यात कामिलखान मारला गेला. मग किश्वरखान शिरजोर झाला. राणी इतर सरदारांशी बोलते असा वहीम येताच त्याने तिला धरून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. एलिझाबेथला टॉवर, आपल्या राणीला साताऱ्याचा अजिंक्यतारा.

विजापूरच्या लोकांना हे सहन झाले नाही. इखलासखान, हमीदखान आणि दिलावरखान हे तिघे हबशी सरदार चालून आले, किश्वरखान पळाला आणि राणी सुटली. इतक्यात अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा दिला. म्हणजे माहेरचे सैन्यच सासरच्या वेशीवर! घरात सरदारांची तोंडे चार दिशांना. त्या वेळी परदेशी आणि हबशी यांना एकत्र आणण्याचे काम चाँदबिबीने केले. मराठा स्वारांनी वेढा घालणाऱ्यांची रसद तोडली आणि शत्रू परत फिरला.

पण संकट टळताच पुन्हा तेच. दिलावरखानाने आपल्याच सोबत्याचे, इखलासखानाचे, डोळे काढले आणि सगळी सत्ता बळकावली. राज्याचा पंथ पुन्हा सुन्नी झाला. राणीचे काम संपले होते. १५८४ च्या सुमारास ती माहेरी अहमदनगरला निघून गेली.

नगरचा तट

माहेरीही तीच गत. १५८९ मध्ये जमालखानाने नगरात महदवी पंथाचे राज्य केले, परदेशी लोकांची कत्तल झाली. १५९५ मध्ये सुलतान लढाईत पडला, तेव्हा गादीसाठी एकदम चार दावेदार उभे राहिले. त्यांतल्या एका गटाच्या मियाँ मंजूने मदतीला चक्क अकबराचा मुलगा मुराद याला बोलावले आणि मग पस्तावून तोच नगर सोडून गेला. किल्ला राखायला उरली चाँदबिबी, भावाच्या नातवाच्या, तान्ह्या बहादूरच्या नावाने. फेब्रुवारी १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंग उडवून तट पाडला. सरदार मागे हटू लागले. तेव्हा ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा बांधला गेला. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला टिकणार नाही हे तिला दिसत होते. मुलाला घेऊन जुन्नरला जाऊ द्यावे या अटीवर किल्ला द्यावा, असे तिने एका विश्वासातल्या माणसाला बोलून दाखवले. त्याने बाहेर जाऊन ती फितूर झाल्याची आरोळी ठोकली. जमाव महालात घुसला आणि तिला ठार केले. साल १६००. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

त्या मुलीने शेवटी विचारले, "मग एलिझाबेथ वाचली, ही का नाही?" आम्ही आमच्या परीने सांगितले. एलिझाबेथ स्वतःच्या नावाने राणी होती. विल्यम सेसिलसारखा मंत्री तिने स्वतः निवडला आणि ४० वर्षे टिकवला. चाँदबिबीने जन्मभर दुसऱ्याच्या मुलाच्या नावाने कारभार केला. तट पडला की तिला हाक, तट बांधून झाला की तिला कोंडणे. जबाबदारी तिची, अधिकार ज्याच्या हाती शिक्का त्याचा.

अहमदनगरला आज अहिल्यानगर म्हणतात. तिथल्या डोंगरावरच्या वास्तूला लोक चाँदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखान या सरदाराची कबर आहे. लोकांनी तिला निदान आठवणीत जागा दिली, तीही दुसऱ्याच्या नावावरची!

आम्ही कारकुनी करतो. कागदावर सही कुणाची आणि निर्णय कुणाचा, हे रोज पाहतो. १९९३ पासून पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. तरी कित्येक गावांत सरपंचबाई सही करते आणि बैठकीत तिचा नवरा बोलतो. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून हसण्यासारखे यात काही नाही. आपल्या लेकींना तट राखायला शिकवताना शिक्काही स्वतःजवळ ठेवायला शिकवले पाहिजे. आणि ज्या कागदावर सही करायची, तो आधी शेवटपर्यंत वाचायला.