लाजर काहीच का बोलला नाही? मरणाच्या दारातले अनुभव आणि ख्रिस्ती श्रद्धा

आजचा विषय थोडा जड आहे, पण तुमच्या फीडमध्ये तो कधी ना कधी येऊन गेलेला असणार. 'मी काही मिनिटं मेलो होतो, स्वर्ग बघून परत आलो' असं सांगणारे व्हिडिओ. खाली कुणी 'आमेन' लिहितं, कुणी खिल्ली उडवतं. पण ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय ते हे व्हिडिओ वेगळ्याच कानांनी ऐकतात. त्यांना एकच गोष्ट हवी असते: आपलं माणूस ठीक आहे ना, याची खात्री. ती खात्री या अनुभवांतून मिळते का? आणि ख्रिस्ती धर्म स्वतः यावर काय म्हणतो? चला, एकेक करून बघू.

आधी, हा अनुभव म्हणजे काय?

१९७५ साली रेमंड मूडी या अमेरिकन लेखकाचं 'लाइफ आफ्टर लाइफ' हे पुस्तक आलं आणि 'निअर-डेथ एक्स्पीरियन्स' हा शब्द सगळीकडे पोचला. आपण त्याला मृत्युसमीप अनुभव म्हणू. वर्णनं साधारण अशी असतात: वेदना थांबते, आपण आपल्याच शरीराकडे वरून बघतोय असं वाटतं, अंधारा बोगदा, पुढे उजेड, गेलेले नातेवाईक, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून सरकणं. आणि मग एक हद्द, जिथून माणूस परत फिरतो.

हे सगळे थापा मारतात का? नाही. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० हॉस्पिटलांतल्या ३४४ पेशंटचा अभ्यास केला. सगळे हृदय बंद पडून परत सुरू झालेले. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी असा अनुभव सांगितला. हा अभ्यास २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वर्षांनंतर पुन्हा विचारलं तेव्हा या लोकांना मरणाची भीती कमी वाटत होती. म्हणजे अनुभव येतो आणि तो माणसाला बदलतोही.

पण १८ टक्क्यांची दुसरी बाजू बघा. उरलेल्या ८२ टक्के लोकांनी असं काहीच सांगितलं नाही. मग त्यांच्यासाठी स्वर्ग नव्हता, असं म्हणायचं का?

'समीप' हा शब्द विसरू नका

हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. पण मेंदूच्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. म्हणून तर सीपीआर देऊन माणूस परत आणता येतो. मिशिगन विद्यापीठातल्या जिमो बोर्जिगिन यांच्या टीमला २०१३ मध्ये उंदरांचं हृदय थांबल्यावर त्यांच्या मेंदूत थोडा वेळ जोरदार हालचाल दिसली. २०२३ मध्ये त्यांनी मरणासन्न अशा ४ माणसांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या दोघांमध्ये तसंच काहीसं दिसलं. यावरून सगळं कोडं सुटलं असं नाही. पण 'मेंदू पूर्ण बंद होता' हे दर वेळी खात्रीने म्हणता येत नाही, एवढं नक्की.

वरून सगळं दिसलं, या दाव्याचं काय? डॉक्टर सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात हॉस्पिटलांत उंच फळ्या लावून त्यांवर चित्रं ठेवली होती. छताजवळूनच दिसतील अशी. ज्या दोघांनी त्या वेळचं काही पाहिल्या-ऐकल्याचं तपशिलात सांगितलं, ते नेमके फळी नसलेल्या ठिकाणी होते! परीक्षा झालीच नाही.

भेटायला कोण येतं?

आता एक गंमत ऐका. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ घटनांवर लेख लिहिला. इथल्या लोकांना न्यायला यमदूत येतात, पुढे वही घेऊन कुणीतरी बसलेलं असतं आणि मग कळतं की चुकीच्या माणसाला आणलंय, याला परत सोडा! अमेरिकेतल्या वर्णनांत बोगदा आणि उजेड, इथे यमदूत आणि वही. अनुभव खरा असला तरी त्याला चेहरे आपल्या ओळखीचेच मिळतात. म्हणून कुणाला येशू दिसला, यावरून ख्रिस्ती धर्म सिद्ध होत नाही. आणि कुणाला यमदूत दिसले म्हणून तो खोटाही ठरत नाही.

एका मुलाची गोष्ट

पुरावा शोधायच्या घाईची किंमत कुणी मोजली, तेही बघू. अमेरिकेत ओहायोमध्ये २००४ साली अ‍ॅलेक्स मलार्की हा सहा वर्षांचा मुलगा कार अपघातात जबर जखमी झाला. तो सुमारे दोन महिने कोमात होता, नंतर त्याला अर्धांगापेक्षाही मोठा लकवा कायमचा जडला. २०१० मध्ये त्याच्या आणि वडिलांच्या नावाने पुस्तक आलं: स्वर्गातून परत आलेला मुलगा. पुस्तक तुफान खपलं. आणि जानेवारी २०१५ मध्ये अ‍ॅलेक्सने जाहीर पत्र लिहिलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो. लोकांचं लक्ष मिळेल असं वाटलं म्हणून तसं बोललो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं.

खोटं कुणाचं, हा मुद्दा बाजूला ठेवा. एका आजारी लहान मुलाच्या तोंडून आपल्याला स्वर्गाची बातमी ऐकायची होती. त्या पत्रात त्याने लोकांना स्वर्गाच्या गोष्टींची पुस्तकं सोडून बायबलकडे वळायला सांगितलं. मग बघूया, तिथे काय आहे.

ख्रिस्ती श्रद्धा नेमकी काय सांगते?

बऱ्याच जणांना वाटतं: मेलं की आत्मा ढगांत जातो, संपलं. ही गोष्ट अर्धीच आहे. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या जुन्या श्रद्धाप्रकटनात शेवटाकडे मृतांच्या पुनरुत्थानाची आशा आहे. म्हणजे शेवटी देव माणसाला देहासह उठवेल आणि सृष्टीही नवी करेल. कॅथलिक मानतात की मरणानंतर लगेच प्रत्येकाचा न्याय होतो आणि काहींना शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जावं लागतं. म्हणूनच २ नोव्हेंबरला वसईतही कबरींवर मेणबत्त्या लागतात, मृतांसाठी प्रार्थना होते. प्रोटेस्टंट ही मधली अवस्था मानत नाहीत. पण शेवटचं पुनरुत्थान दोघांनाही मान्य.

म्हणजे हृदय परत सुरू होणं हे पुनरुत्थान नव्हे. तो माणूस पुढे कधीतरी मरणारच आहे.

आणि बायबलमधल्या 'परत आलेल्यां'कडे बघा. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेल्या गेलेल्या एका माणसाबद्दल सांगतो. तो स्वतःबद्दलच बोलतोय असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण हे देहात घडलं की देहाबाहेर, ते आपल्याला ठाऊक नाही, असं तो म्हणतो. तिथे ऐकलेलं सांगता येण्यासारखं नाही, असंही म्हणतो. आणि विषय संपवतो.

लाजर तर चार दिवस कबरीत होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. तो बाहेर येतो, हातापायांना कापड गुंडाळलेलं. आज असता तर पहिला प्रश्न काय असता? 'काय बघितलंस रे?' पण तिथे कुणी विचारल्याची नोंद नाही आणि त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. त्या गोष्टीला लाजरच्या प्रवासवर्णनाची गरजच नाही. तिचा सगळा भार हाक मारणाऱ्यावर आहे.

आणि हाक मारण्याआधी काय होतं? लाजरची बहीण मार्था येशूला म्हणते की शेवटच्या दिवशी भाऊ उठेल हे मला माहीत आहे. तिची श्रद्धा पक्की आहे, तरी ती घायाळ आहेच. आणि तो आता उठणार हे माहीत असूनही येशू तिथे रडतो.

म्हणून घरातलं कुणी गेलं असेल तर व्हिडिओतल्या अनोळखी माणसाच्या अनुभवावर सगळी आशा टांगू नका. तो उद्या शब्द फिरवेल, किंवा विज्ञान त्याचा अर्थ लावेल, आणि तुमचं दुःख पुन्हा पहिल्या दिवसावर येईल. तुम्ही ख्रिस्ती असाल तर तुमची आशा एका वचनावर आहे, कुणाच्या साक्षीवर नाही. ख्रिस्ती नसाल तरी एवढं घेऊन जा: खात्री नसतानाही रडायला आणि आठवण काढायला परवानगी लागत नाही.