हातच्याची गोष्ट

कला शाखेच्या वार्षिकात बेरीज-वजाबाकीवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ही शाखा निवडताना “आता गणिताची कटकट नाही” असा सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. परंतु गणिताची ही धास्ती बसते कोठे, हे शोधत मागे गेलो तर आपण बहुधा बीजगणितापाशी थांबत नाही. प्राथमिक शाळेत, पाटीवर मांडलेल्या हातच्याच्या वजाबाकीपाशी येऊन पोहोचतो. तेथे एखाद्या मुलाला “याला गणित येत नाही” हा शिक्का बसतो आणि पुढे तो जन्मभर पुसला जात नाही. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही.

गेली दोन वर्षे मी आमच्या वस्तीतील पहिली-दुसरीच्या काही मुलांना सायंकाळी शिकवते. तेथे जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते थोडक्यात मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी, की अंक म्हणता येणे आणि मोजता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. “आमचा बाळ शंभरपर्यंत म्हणतो” असे आई कौतुकाने सांगते. पण त्याच बाळापुढे बारा चिंचोके ठेवले, तर एकावर दोनदा बोट पडते आणि एक तसाच राहून जातो. एका वस्तूला एकच अंक आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सर्व वस्तूंची संख्या, या दोन गोष्टी उमगल्या की मोजणे आले असे समजावे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पियाजे यांचा प्रयोग ठाऊकच असेल. सारख्याच नाण्यांच्या दोन ओळी मांडायच्या आणि मुलादेखत त्यांतील एक पसरून लांब करायची. चार-पाच वर्षांचे मूल लांब ओळीत नाणी जास्त आहेत असे सांगते. सातव्या वर्षाच्या सुमारास तेच मूल “तेवढीच आहेत, नुसती लांब लांब ठेवली” असे म्हणते. ही समज येण्यापूर्वी बेरीज पाठ करून घेणे म्हणजे पायाआधी भिंत बांधणे होय.

यासाठी महागड्या साहित्याची मुळीच गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. मी चिंचोके आणि खराट्याच्या काड्या वापरते. एकही पैसा खर्च होत नाही आणि हरवले तरी कोणी रागावत नाही.

बेरजेत मूल तीन पायऱ्या चढते. आठ आणि पाच यांची बेरीज सांगितली, की पहिल्या पायरीवरचे मूल आठ चिंचोके मोजते, पाच मोजते, आणि मग सगळे एकत्र करून पुन्हा एकपासून तेरापर्यंत मोजते. दुसऱ्या पायरीवर ते आठ मनात धरते आणि पुढे “नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा” असे बोटांवर मोजते. तिसऱ्या पायरीवर ते पाचातले दोन आठाला देते, दहा पुरे करते आणि उरलेले तीन जोडून तेरा म्हणते. ही तिसरी पायरी फार मोलाची; कारण पुढचे सगळे गणित दहाच्या गठ्ठ्यावर उभे आहे. मात्र बोटे मोजणाऱ्या मुलाच्या हातावर छडी मारून ती लवकर येत नाही. बोटांचे काम संपले की मूल ती आपण होऊनच मिटते.

वजाबाकीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. आपण वजाबाकी म्हणजे “काढून टाकणे” एवढेच शिकवतो. व्यवहारात मात्र तिची तीन रूपे आहेत. बारा बोरांतली आठ खाल्ली, किती उरली? हे पहिले रूप. रमाकडे बारा बोरे आणि सुमनकडे आठ. रमाकडे किती जास्त? हे दुसरे. येथे कोणीच काही काढून घेतलेले नाही! पंधरा मण्यांची माळ करायची आहे, नऊ ओवून झाले, आणखी किती हवेत? हे तिसरे. “जास्त” हा शब्द दिसताच मुले बारा आणि आठ मिळवून वीस लिहितात, “आणखी” दिसताच पंधरा आणि नऊ मिळवून चोवीस. कारण कोणीतरी त्यांना शब्द पाहून क्रिया ठरवण्याची युक्ती शिकवलेली असते. तीच बोरे समोरासमोर दोन ओळींत मांडून जोड्या लावायला सांगितल्या, की जोडीवाचून राहिलेली चार बोरे मुलाला आपोआप दिसतात. वाण्याकडे सदतीस रुपयांच्या सामानाला पन्नासाची नोट दिली, तर तोही कागदावर वजाबाकी करत बसत नाही. “अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि हे दहा, पन्नास” असे म्हणत तेरा रुपये हातावर ठेवतो. वजाबाकी ही बेरजेची उलटी वाट आहे, हे तो कोणत्याही पुस्तकाविना शिकवतो.

आता हातचा. बेचाळीसातून सतरा वजा करताना माझ्याकडच्या एका मुलीने उत्तर लिहिले पस्तीस. कसे केलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “ताई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले.” हे उत्तर चुकीचे खरे, पण निष्काळजीपणाचे नाही. “मोठ्यातून लहान वजा करायचे” हा शाळेत ऐकलेला नियम तिने प्रामाणिकपणे पाळला होता. बेरजेत सत्तावीस आणि पंधरा यांचे उत्तर ३१२ लिहिणारे मूलही असेच असते. सात नि पाच बारा, दोन नि एक तीन. दोन्ही बेरजा बरोबर, फक्त बारातील दहाचे घर त्याला ठाऊक नसते.

त्या मुलीला मी दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि सतरा काड्या मागितल्या. एक गठ्ठा तिने लगेच दिला. सात सुट्या मागताच ती थबकली, आपल्या दोन काड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “गठ्ठा सोडू का?” सगळा हातचा या एका प्रश्नात आहे. गठ्ठ्याचा दोरा सुटला, सुट्या काड्या बारा झाल्या, त्यांतल्या सात दिल्या. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. पंचवीस! हे चार-पाच दिवस हाताने केल्यावरच मी तिला चारावर काट मारून तीन लिहायला सांगितले. आता ती काट कशाची, हे तिला माहीत होते.

मराठी मुलाची आणखी एक अडचण भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. त्रेचाळीस म्हणताना आपण आधी तीन बोलतो आणि मग चाळीस, पण लिहिताना आधी चार. एकोणीस, एकोणतीस असे करत एकोणनव्वदपर्यंतच्या आठ संख्यानामांत तर “एक ऊन”, म्हणजे एक कमी, अशी वजाबाकीच दडलेली आहे. नव्याण्णव मात्र ही रीत मोडतो. कानडीत एकवीसला वीस-एक अशाच अर्थाचा शब्द आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली प्रचलित नावांच्या जोडीला “वीस एक, वीस दोन” असे वाचन दिले गेले. त्यावर वृत्तपत्रांत आणि विधिमंडळातही मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. विरोधकांनी भाषेच्या गोडव्याचा प्रश्न मांडला. मला दोन्हींत तथ्य वाटते. मी मुलांना “त्रेचाळीस म्हणजे चाळीस आणि तीन” असे गठ्ठ्यांसह दाखवते आणि एकोणतीसला आले, की तिसातली एक काडी काढून घेते. शब्द टिकतो आणि अर्थही उलगडतो.

‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी प्रसिद्ध करते. दोन अंकी हातच्याची वजाबाकी ही त्यातली एक कसोटी आहे. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी ती जमणारी मुले २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के होती. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर आले. सुधारणा आहे, पण तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोन अजून त्या उंबरठ्याबाहेरच आहेत.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. जे होणार नाहीत, ते घरात काका, मामा, आत्या, मावशी म्हणून कोणाची तरी वही तपासतील. त्या वहीतल्या चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारण्यापूर्वी “हे कसे केलेस?” एवढे विचारावे आणि मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मग काड्यांचा एक गठ्ठा त्याच्या हातात द्यावा. दोरा कधी सोडायचा, ते त्याचे त्याला कळेल.