घटकाभराचा मुक्काम

सहलीहून परत आलेल्या कुटुंबाच्या तोंडून हल्लीं दोन तक्रारी हटकून ऐकूं येतात. एक, 'पाहण्यासारखें कांहींच नव्हतें'. आणि दुसरी, 'विकणाऱ्यांनीं जीव नकोसा केला'. या दोन तक्रारी वरवर निराळ्या दिसल्या तरी त्यांचें मूळ एकच आहे, असें आम्हांस वाटतें. तें शोधण्याकरितां विकणाऱ्याच्या टोपलीकडे पाहण्याआधीं आपल्या घड्याळाकडे आणि आपल्या बोलण्याकडे पाहिलें पाहिजे.

प्रथम समुद्राकडचें उदाहरण घेऊं. आगबोटीनें मुंबईहून गोव्यास जाणें ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाची गोष्ट होती. ती जुनी उतारूंची वाहतूक बंद पडली. पुढें २०१८ सालीं 'आंग्रिया' नांवाची बोट सहलीकरितां त्याच मार्गानें जाऊं लागली, आणि २०२१ पासून मुंबईहून मोठ्या सहलजहाजांच्याहि फेऱ्या झाल्या. गोव्यांत अशा जहाजाचा थांबा मुरगांव बंदरांत असतो. उतारूच्या मनांत मात्र कळंगुटची वाळू असते. मुरगांव हें जुवारीच्या मुखाशीं दक्षिणेस, आणि कळंगुट मांडवीच्याहि उत्तरेस, बार्देशांत. म्हणजे दोन नद्या ओलांडून जावें, आणि जहाज सुटण्यापूर्वीं तितकेंच अंतर परत यावें. थांब्याचा बराचसा वेळ मोटारींतच सरतो. पायांखालीं वाळू येते न येते तोंच मण्यांच्या माळा आणि टोप्या घेऊन विक्रेते भोंवतीं जमतात, आणि उतारू चिडून बोटीवर परततो.

हाच प्रकार पाहण्यास शिरूरकरांना समुद्रापर्यंत जावयास नको. आपल्याच तालुक्यांतील रांजणगांवीं एखाद्या रविवारीं किंवा संकष्टीस जावें. अष्टविनायकांपैकीं मोरगांव, थेऊर, लेण्याद्री, ओझर व रांजणगांव हीं पांच स्थानें पुणें जिल्ह्यांत, पाली व महड हीं दोन रायगड जिल्ह्यांत आणि सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. हीं आठहि स्थानें दोन दिवसांत उरकणाऱ्या गाड्या येथील महागणपतीपाशीं थांबतात. 'अर्ध्या तासांत परत या' अशी सूचना मिळते, आणि उतरतांच हांका सुरू होतात : 'काका, चपला इथें ठेवा, पैसे नाहींत!' चपला ठेवल्या कीं हातांत दूर्वा, जास्वंद व नारळ यांचें ताट येतें. फुकटच्या राखणीची भीड पडते, आणि घेणारा मनांत कुरकुरत पैसे मोजतो. अर्ध्या तासांतला बहुतेक वेळ रांगेंत जातो. गाभाऱ्यासमोर कांहीं क्षण मिळतात, तोंच गाडीचा भोंगा वाजतो. त्रिपुरासुराशीं युद्धास जाण्यापूर्वीं शंकरानें जेथें गणेशाचें आराधन केलें अशी कथा आहे, त्या स्थानाहून भाविक चपला शोधीत निघतो.

दौंडमार्गें सिद्धटेकास गेल्यावर ही घाई अधिकच खुपते. उजव्या सोंडेच्या सिद्धिविनायकाचें हें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें. तें टेकडीला लागून असल्यामुळें प्रदक्षिणा करणाऱ्यास सबंध टेकडीस वळसा घालावा लागतो. पूर्वीं भीमा होडींतून ओलांडीत. आतां पूल आहे. परंतु पुलानें वांचविलेला वेळ प्रदक्षिणेच्या कामीं येत नाहीं. तो पुढच्या देवळाच्या वाटेवर खर्च होतो. घरांतील आजीबाईंनीं वर्षानुवर्षें ही प्रदक्षिणा मनांत धरलेली असते. गाडी थांबणार नाहीं हें कळल्यावर त्या देवळाच्या पायरीशीं हात जोडतात, आणि घरीं आल्यावर 'झालें हो दर्शन' एवढेंच म्हणतात. कांहीं राहून गेलें हें बाकीच्यांच्या ध्यानांतहि येत नाहीं.

प्रत्येक स्थळाची स्वतःची वेळ असते. ती चुकली म्हणजे दोष स्थळाच्या माथीं बसतो. शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली हें गांव आतां सहलींकरितां प्रसिद्ध आहे. मोर सकाळीं लवकर आणि दिवस कलतांना चरावयास बाहेर पडतो, भर उन्हांत झाडींच्या सावलींत राहतो. जेवणाच्या वेळीं पोहोंचणारी मंडळी 'मोर कोठें आहेत?' असें विचारीत परततात. पिसाराहि पावसाळ्यांत भरास येतो आणि पाऊस सरल्यावर गळतो. तेव्हां हिवाळ्यांत हुरडा खावयास गेलेल्यानें फुललेल्या पिसाऱ्याची आशा धरूं नये. निघोजजवळ कुकडीच्या पात्रांतील रांजणखळग्यांचें याच्या उलट आहे. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनीं काळा कातळ कोरून केलेले ते खळगे पाणी ओसरल्यावरच नीट दिसतात. नदी दुथडी भरली असतां तेथें गढूळ पाण्यावांचून कांहीं नाहीं.

समुद्राचा हिशेब तर आपल्या घरच्या पंचांगांतच आहे. कोंकणांतील जुना ठोकताळा असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशीं सकाळसंध्याकाळ सुमारें सहास भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. अलिबागेस कुलाबा किल्ल्यांत ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें. पौर्णिमेस वा अमावास्येस भर दुपारीं गेलेल्या कुटुंबास मात्र किनाऱ्यावरूनच किल्ला पाहून समाधान मानावें लागेल. तिथी पाहून मुंजीचा मुहूर्त धरणारें घर सहलीच्या दिवशींच पंचांग विसरतें, ही गमतीची गोष्ट आहे.

आतां विक्रेत्याच्या बाजूनें पाहूं. जास्वंद दुसऱ्या दिवशीं टिकत नाहीं. आठवड्याच्या मिळकतीचा मोठा वांटा रविवारच्या कांहीं तासांत पदरांत पडावयाचा असतो. शेजारीं त्याच मालाचीं दुकानें ओळीनें मांडलेलीं. ज्याची हांक आधीं पोहोंचेल त्याचें ताट खपतें. गिऱ्हाइकाजवळ अर्धा तास असेल तर विक्रेत्याजवळ त्याहून अधिक कोठून असणार? आपल्या घाईनेंच तो घाईस येतो. कांहीं विक्रेते वाट अडवितात, लहान मुलांच्या हातांत खेळणीं देऊन आईबापांस पेंचांत धरतात, हें खरें. त्याचें समर्थन कोणी करणार नाहीं. अशा गोष्टींस आवर घालण्याकरितां कायदेहि आहेत. गोव्यांत पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. पथविक्रेत्यांसंबंधींच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानें शहरांतील विक्रेत्यांस प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली, आणि नगर पथविक्री समितींत त्यांचे प्रतिनिधी शेंकडा ४० हून कमी नसावेत असें ठरविलें. रेल्वेच्या हद्दीस हा कायदा लागू नाहीं. तेथें १९८९ चा रेल्वे कायदा चालतो, आणि म्हणून दौंडच्या फलाटावर परवान्यावांचून माल विकणें हा गुन्हा ठरतो. परंतु कायदा फार तर विकण्याची जागा व रीत ठरवील. विक्रेत्याशीं काय बोलावें, हें आपल्या घरांतच ठरावयास हवें.

आणि खरी अडचण येथेंच आहे. आपण सुशिक्षित माणसें तोंडावर 'नको' म्हणण्यास संकोचतों, आणि त्याऐवजीं 'येतांना घेऊं' म्हणतों. घ्यावयाचें नसतें हें आपणांस ठाऊक असतें; विक्रेत्यास तें ठाऊक नसतें, किंवा ठाऊक असूनहि आशा सुटत नाहीं. तो आपला चेहरा लक्षांत ठेवतो, आणि दर्शन घेऊन बाहेर पडतांच धांवत येऊन म्हणतो, 'ताई, तुम्ही म्हणालां होतां!' मग आपण त्यास चिवट म्हणतों. वस्तुतः तो आपलाच शब्द आपणांस परत करीत असतो. देवळाच्या दाराशीं उच्चारलेलें हें खोटें इतकें सवयीचें झालें आहे कीं, तें खोटें आहे असेंहि आपणांस वाटत नाहीं. पण बोट धरून चालणारीं मुलें तें ऐकत असतात. घरीं आपण त्यांस खरें बोलावयास शिकवितों, आणि फुलवाल्याजवळ तो नियम लागू नाहीं हें येथें न बोलतां शिकवितों.

यास उपाय साधे आहेत. दोन दिवसांत आठ स्थानें करण्याऐवजीं एका दिवसांत दोन करावींत. उरलेलीं कोठें जात नाहींत. निघण्यापूर्वीं त्या स्थळाची वेळ विचारून घ्यावी. फुलें-नारळ घ्यावयाचे तर भाव आधीं विचारून एकाच ठिकाणीं घ्यावे, आणि चपलाहि तेथेंच ठेवाव्यात, म्हणजे भीड पडण्याचें कारण उरत नाहीं. खरेदीकरितां ठराविक रक्कम निराळी काढून मुलांच्या हातीं द्यावी. त्यांत काय बसतें तें त्यांनींच ठरवावें. घ्यावयाचें नसेल तर थांबून, तोंडाकडे पाहून, 'नको हो दादा' असें एकदांच स्पष्ट म्हणावें. असें 'नको' ऐकणारा मनुष्य बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याचाहि वेळ मोलाचा असतो. केवळ गंमत म्हणून घासाघीस करून रिकाम्या हातानें पुढें जाऊं नये. आणि 'येतांना घेऊं' असें तोंडून गेलेंच, तर येतांना घ्यावें. दोन रुपयांच्या दूर्वांनीं कोणाचें घर बुडत नाहीं.

पुढली सहल आंखतांना स्थळांची यादी करण्याआधीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारावें, 'मागल्या खेपेस काय राहिलें?' उत्तर ताबडतोब मिळणार नाहीं. 'कांहीं नाहीं, सगळें पाहिलें' असेंच प्रथम ऐकूं येईल. पण आणखी एकदां विचारलें तर सिद्धटेकच्या टेकडीचें नांव निघण्याचा संभव आहे. तसें निघालें तर त्या दिवशीं दुसरें कोणतेंहि देऊळ यादींत घालूं नये.