काढला, पण दाखोला नाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातला माणूस राज्याच्या वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा दोनच प्रकारे छापून आला. एक म्हणजे भिंतीला टेकवलेला हार घातलेला फोटो आणि शेजारी पदर ओढून बसलेली बाई. ही शेतकरी आत्महत्येची बातमी. दुसरा म्हणजे उजेडाकडे पाठ करून बसवलेली कोलाम पोरगी, मांडीवर लेकरू आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. ही ‘कुमारी मातां’ची बातमी. दोन्ही फोटो आमच्या व्यवसायातल्या लोकांनीच काढले. या भागातल्या फोटोग्राफीबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

दुसऱ्या फोटोचं आधी सांगतो. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. मग फोटोग्राफर तिला दारात बसवतो, बाहेरच्या उन्हावर एक्स्पोजर लावतो, चेहरा आपोआप काळा पडतो. तांत्रिकदृष्ट्या काम चोख. पण खाली पोडाचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीचं नाव, मागे घराची ओळखीची चौकट, लुगड्याचा काठ स्पष्ट. पंचक्रोशीला आणखी काय लागतं? असा फोटो काढूच नये, असं माझं मत आहे. बातमी फोटोवाचूनही छापता येते.

हार घातलेल्या फोटोची गोष्ट वेगळी, आणि ती आमच्या दुकानांत घडते. मेलेल्या माणसाचा एकट्याचा धड फोटो घरात नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, मांडवाखाली पाच-सहा जणांत उभा राहिलेला, किंवा आधार कार्डावरचा. तेराव्याच्या आधी भाऊ किंवा मेव्हणा तो घेऊन येतो. दुकानदार संगणकावर माणूस कापून बाहेर काढतो, मागे निळा रंग भरतो, कुणी सांगितलं तर कोटही चढवतो. अडचण खांद्यापाशी येते. लग्नातल्या फोटोत दोस्ताने खांद्यावर हात टाकलेला असतो. तो काढताना कधी दोन बोटं राहून जातात. या भागातल्या घरांत मी अशा फ्रेम पाहिल्या आहेत, ज्यांत निळ्या आभाळातून आलेली कुणाची तरी बोटं खांद्यावर आहेत. घरातल्यांना ती दिसतात, पण कुणी दुरुस्त करून मागत नाही. बोटं कुणाची, हेही त्यांना ठाऊक असतं.

वणी, मुकुटबन, पाटण, पांढरकवडा या पट्ट्यात फोटोवर पोट असणाऱ्यांची आमची एक टोळी आहे. टोळीच म्हणायचं, कारण लेन्स एकाची, फ्लॅश दुसऱ्याचा, ड्रोन तिसऱ्याचा आणि मोटारसायकल ज्याच्या टाकीत पेट्रोल असेल त्याची. लग्नसराईत एकमेकांचे सेकंड शूटर व्हायचं, पावसाळ्यात एकमेकांच्या उधाऱ्या मोजायच्या. यातले दोघे रोलच्या काळातले. छत्तीस फोटोंत आख्खं लग्न बसवायचं, रोल धुवायला टाकायचा आणि निकाल येईपर्यंत वधूपित्यापासून तोंड लपवायचं, हे त्यांनी केलं आहे. त्यांचं बोट आजही बटणावर जड आहे. तरुण पोरं एका सप्तपदीत शेकड्यांनी फोटो काढतात आणि निवडायला यांच्याकडेच आणून टाकतात.

उजेडाबद्दल आमच्यात वाद होतात, पण एका गोष्टीवर एकमत आहे. पैनगंगेच्या या काठावर उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि सकाळचे नऊ वाजून गेले की बाहेर पोर्ट्रेट काढण्यात अर्थ नाही. ऊन टाळूवर येतं, डोळ्यांच्या जागी खड्डे पडतात. तेव्हा माणसाला दाराच्या हातभर आत, बाहेर तोंड करून बसवायचं. मागे कुडाच्या घरातला गार अंधार, समोर अंगण. अंगणात पडलेलं ऊन मऊ होऊन खालून-समोरून चेहऱ्यावर येतं. स्टुडिओतली छत्री उघडून जे साधत नाही ते इथे फुकट मिळतं.

दिवाळीनंतर आणखी एक सोय होते. भाव चढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवतात, ओसरीपासून आढ्यापर्यंत. त्या ढिगाशेजारी बसलेल्या माणसाच्या गालावर जो उजेड पडतो, तो मी कुठल्याही महागड्या सॉफ्टबॉक्समधून पाहिलेला नाही. सावली आहे, पण तिला कडा नाही. कापसाचा भाव मात्र चढत नाही आणि ढीग दोन-दोन महिने हलत नाही. आमचा फायदा त्याच्या अडचणीतून आला आहे, हे फोटो काढताना विसरता येत नाही.

कॅमेऱ्याला इथला चेहरा कधीच नीट कळला नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, सुमारे १८ टक्के उजेड परतवणारं. मागे चुन्याची पांढरी भिंत आणि पुढे सावळी कोलाम म्हातारी असली की तो भिंतीला भुलतो आणि म्हातारीला काळी करतो. हाताने एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावं लागतं. रंगीत फिल्मचा तर पायाच तसा होता. कोडॅक कंपनी गेल्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्ली बरी दिसली की रंग बरोबर. सावळ्या कातडीचं काय, याची काळजी कंपनीने बऱ्याच उशिरा केली, आणि त्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या जाहिरातदारांच्या तक्रारीही होत्या, असं सांगतात. आता मोबाइल स्वतःच चेहरा उजळतो, आणि गिऱ्हाईकही तेच मागतं. आमच्यातल्या एकाने तोडगा काढला आहे. नवरीच्या आईला आधी न उजळलेला प्रिंट दाखवायचा. आया बहुधा म्हणतात, हीच माझी पोरगी, राहू द्या. करवल्या मात्र ऐकत नाहीत.

महाराष्ट्रात फोटोग्राफी आली तीही चेहऱ्यांच्या मागे लागूनच. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण नावाजले. पण त्याच काळात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असे जोडकाम केलेले फोटो आहेत. आमच्या निळ्या आभाळाचा धंदा इतका जुना! मग सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५. त्यात चेहऱ्याखाली बहुतेक ठिकाणी जात लिहिली, नाव नाही.

मराठी माणसाने हे उलटं करायला वेळ घेतला. फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांचा उजेड मऊ होता हे सगळेच सांगतात, पण त्यांचं खरं कसब गप्पांत होतं. ‘चेहरे’ या त्यांच्या पुस्तकातले कलावंत कॅमेऱ्यासमोर बसलेले वाटत नाहीत, राजाध्यक्षांसमोर बसलेले वाटतात. संदेश भंडारेंनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून तंबूच्या आतलं जग टिपलं. सुधारक ओलवेंनी मुंबईचे सफाई कामगार गटारात उतरताना आणि घरी लेकराबाळांत असताना, दोन्हीकडे पाहिले. ओलवेंना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. तिघांचं जग निरनिराळं, ओळख आधी आणि फोटो मागून, ही रीत मात्र एकच.

आमच्या शेजारचं सर्वांत मोठं उदाहरण पैनगंगेपलीकडे आहे. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून निजामाच्या राज्यात अडकून पडले. १९४० मध्ये निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर आदिवासी का पेटले याचा अभ्यास करायला निजाम सरकारने हायमेनडॉर्फना आदिलाबादच्या डोंगरांत पाठवलं. ते आणि त्यांची बायको बेटी मारलावाई या गोंड गावात राहिले. तिथे त्यांनी राज गोंड, कोलाम, परधान यांचे असंख्य फोटो काढले. ते आज लंडनच्या सोआस संस्थेत आहेत. १९४८ मध्ये राज गोंडांवरचं पुस्तक आलं. काम तिथे संपलं असतं तर हायमेनडॉर्फही जॉन्सनच्याच ओळीत बसले असते. पण ते परत येत राहिले. सत्तरच्या दशकात त्याच माणसांच्या जमिनी कुणी लाटल्या हे त्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं आणि १९८२ च्या पुस्तकात लिहिलं. बेटी १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या, त्यांची समाधी मारलावाईत आहे. नदीच्या दोन्ही काठांवर तेच गोंड, तेच कोलाम, मध्ये राज्याची सीमा. पलीकडच्यांच्या आजोबांचे फोटो लंडनला तरी आहेत. या काठावर तेवढंही नाही.

म्हणून आमच्या टोळीने एक शिरस्ता घातला. पोडावर काढलेला फोटो पोडावर परत गेला पाहिजे, कागदावर, मागे नाव लिहून. हे एका बाईमुळे झालं. तिला बसा म्हटलं तर ती उभीच राहिली. “मांगच्या साली बी एक भाऊ आला होता. फोटू काढला, पण दाखोला नाई,” म्हणाली. तिला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला, तर म्हणाली, “हे तं तुमच्याजवळच रायते.” मुद्दा बिनतोड होता. आता प्रिंट घेऊन गेलं की पहिला फोटो आम्ही काढलेला नसतोच. घरातले लोक पेटीतून जुने काढून देतात, हे मोठं करून आणा म्हणतात. त्यातून कुणाचा बाप, कुणाची मावशी कळत जाते, जेवायला थांबवतात, ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण होतं. दुसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोत माणसाचे खांदे खाली आलेले असतात. लेन्स तीच, दार तेच.

एका ठिकाणी मात्र हा शिरस्ता अडतो. दिवाळीत गोंड-कोलामांची दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांची फेरी, निघते. त्यातले घुसाडी नर्तक मोरपिसांचा भलामोठा मुकुट घालतात, अंगाला राख फासतात, व्रत चालू असेपर्यंत अंघोळ करत नाहीत. मारलावाईचे घुसाडी गुरू कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरातल्यांचं या नाचाकडे लक्ष गेलं, आणि दंडारीत कॅमेरे वाढले. टेंभ्यांच्या आणि ट्यूबलाइटच्या सरमिसळ उजेडात घुसाडीचा फोटो देखणाच येतो. पण मागे नाव कुणाचं लिहायचं? तेवढे दिवस तो अमक्याचा पोरगा नसतोच, देव असतो. आमच्यातल्या तरुणांनी वर्गणी काढून छोटा प्रिंटर घेतला आहे. जागच्या जागी फोटो काढून घुसाडीच्या हातात द्यायचा, असा त्यांचा बेत होता. जुने दोघे नको म्हणत होते. शेवटी पोडाच्या म्हाताऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, दंडार उठू द्या, त्याची अंघोळ होऊ द्या, मग द्या. आता देवाले त्याचाच फोटू दाखून काय करता?