रात्रीची सायकल-सफर आणि परतीची आगगाडी

बेसा हें गांव एके काळीं नागपूरच्या दक्षिणेस शेतांच्या मध्यें होतें. आज तें शहराला लागून त्याचेंच एक उपनगर झालें आहे. येथील तरुण मंडळींत, आणि कांहीं प्रौढांतहि, सायकलीची हौस पुन्हां वाढीस लागली आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचें ऊन सकाळीं नऊलाच अंगाची लाही करूं लागतें. तेव्हां सायकलीवरून लांबचा पल्ला गांठावयाचा तर रात्रीवांचून सोय नाहीं. शनिवारीं रात्रीं दहा-बारा जणांनीं बेसा येथून निघावें, उजाडतां उजाडतां सेवाग्राम गांठावें आणि रविवारीं आगगाडीनें सायकलींसह परत यावें, हा बेत ऐकावयास मोठा गोड आहे. त्यांतील पहिली चूक बहुधा अशी होते, कीं मंडळी निघण्याची वेळ आधीं ठरवितात आणि परतीचा विचार सेवाग्रामास पोंचल्यावर करूं लागतात.

बेत उलट्या टोंकापासून आंखावा. प्रथम परतीची गाडी, मग पोंचण्याची वेळ, आणि सर्वांत शेवटीं निघण्याची वेळ.

गाडीचा विचार करतांना तेथील दोन स्टेशनांचा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नागपूरहून अजनी, खापरी, बुटीबोरी, सिंदी या वाटेनें येणारा लोहमार्ग सेवाग्राम स्टेशनापाशीं दुभंगतो. एक फांटा वर्ध्यावरून मुंबईकडे जातो, दुसरा हिंगणघाट-बल्लारशाहवरून दक्षिणेकडे. म्हणून दक्षिणेकडून थेट नागपुरास येणारी गाडी सेवाग्राम स्टेशनावर मिळते. ती वर्ध्यास जात नाहीं. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या वर्ध्यावरून येतात. सेवाग्राम स्टेशन म्हणजे पूर्वींचें वर्धा-पूर्व; गांधीजींचा आश्रम तेथून आणखी पांच-सहा किलोमीटरांवर आहे. नांवावरून फसून ‘स्टेशन आश्रमाच्या दारांतच असेल’ असें धरून चालणाराची गाडी चुकलीच म्हणून समजावें. वेळापत्रक बदलत असल्यानें निघण्याच्या आदल्या दिवशीं १३९ या क्रमांकावर चौकशी करावी.

सायकल ही हातांतील पिशवीप्रमाणें डब्यांत नेतां येत नाहीं. ती पार्सल कचेरींत नोंदवून ब्रेक-व्हॅनमध्यें चढवावी लागते. प्रवाशास सामानाच्या वजनाची जी सूट मिळते, ती सायकलीला लागू नाहीं. तिचें भाडें निराळें. सायकलीवर मालकाचें नांव, पत्ता आणि उतरावयाच्या स्टेशनाचें नांव ठसठशीत लिहिलेला पुठ्ठा बांधावा. गाडीच्या वेळेपूर्वीं निदान अर्धा तास कचेरींत हजर असावें असा दंडक आहे. एकाच्या जागीं दहा सायकली असल्यास अर्ध्याचा दीड तास करणें शहाणपणाचें. आणि खरी अडचण पुढेंच आहे. गाडी दोन-तीन मिनिटेंच थांबणार असेल व ब्रेक-व्हॅन आधींच पोत्यांनीं व पेट्यांनीं भरलेली असेल, तर दहांपैकीं चार सायकली चढतील आणि सहा फलाटावर उभ्या राहतील. तशा वेळीं मंडळींनीं काय करावें हें रात्रभर जागलेल्या डोक्यानें ठरूं शकत नाहीं. तें घरूनच ठरवून निघावें. सहांहून अधिक माणसें असतील तर माणसांनीं आगगाडीनें यावें व सायकली भाड्याच्या टेंपोनें आणाव्या, हाच मार्ग बरा. त्याचा खर्च वांटून घेतां डोईजड होत नाहीं.

याहून चांगली एक युक्ति आहे, पण ती सहसा कोणास सुचत नाहीं. आगगाडी परतीसाठीं न ठेवतां जाण्यासाठीं वापरावी. शनिवारीं दिवसाउजेडीं नागपूर स्टेशनावर सायकली नोंदवाव्या, संध्याकाळपर्यंत सेवाग्रामास उतरावें, आणि रात्रीं तेथून घराकडे निघावें. सायकली मागें राहिल्या तर बेत जागच्या जागीं रद्द करतां येतो, कारण घर जवळ आहे. आणि पहांटे थकलेल्या माणसास कोणतीहि गाडी गांठावयाची नसते. यांत तोटा एकच. धाम नदीच्या कांठीं पवनारला होणारी पहांट हुकते. विनोबांचा तो आश्रम व नदीचा तो खडकाळ कांठ झुंजुमुंजु उजेडांत पाहण्यासाठींच कित्येकजण निघतात. त्यांना ही युक्ति पटणार नाहीं, आणि तें समजण्यासारखें आहे.

वेळेचा हिशेब सर्वांत मंद चालविणाऱ्यावरून करावा. बेसा येथून बेलतरोडीवरून वर्धा रस्त्यास लागलें, कीं जामठा, बुटीबोरी, सेलडोह, केळझर, सेलू, पवनार असा सेवाग्रामपर्यंतचा पल्ला सुमारें पंचाहत्तर किलोमीटरांचा होतो. ताशीं पंधराच्या वेगानें पांच तास, विसांव्याचा एक तास आणि पंक्चर वगैरेंसाठीं आणखी एक, मिळून सात. सहाला पोंचावयाचें तर अकराला निघालें पाहिजे. दूर पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ नांवाच्या सफरींत २०० किलोमीटरांस साडेतेरा तास देतात, म्हणजे विसांवा धरूनहि ताशीं जवळजवळ पंधरा. सहलीच्या मंडळींनीं त्या मापानें स्वतःस मोजूं नये. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें पांच हजार किलोमीटरांची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली, हें शहरास भूषणावह आहे. परंतु शेजारच्या पन्नाशींतल्या गृहस्थास रात्रीं दोन वाजतां तें ऐकवून कांहीं उपयोग नाहीं.

रस्त्यावरील खरा धोका बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास आहे. तेथें रात्रभर अवजड मालमोटारी धांवतात. प्रत्येक सायकलीस पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा हवा, अंगावर प्रकाश परतविणारें जाकीट हवें, आणि चालणें एकामागें एक हवें. शेजारीं शेजारीं चालवीत गप्पा मारण्याची हौस पवनारपर्यंत राखून ठेवावी. सपाट, निर्वेध दिसणाऱ्या समृद्धि महामार्गाचा मोह कोणास पडेल. पण २०२२ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या त्या मार्गावर दुचाकींस मज्जाव आहे.

रांगेच्या पुढें वाट जाणणारा असावा आणि शेवटीं दुरुस्ती येणारा. त्या शेवटच्यानें कोणासहि ओलांडून पुढें जावयाचें नाहीं. समजा, केळझरच्या अलीकडे तीन वाजतां एकाची साखळी तुटली, पुढच्यांना पत्ताच नाहीं आणि त्याच्या फोनची बॅटरी संपलेली. तर तो तेथें अंधारांत एकटा उरतो, आणि घरीं त्याची आई जागी असते. म्हणून प्रत्येक थांब्यावर माणसें मोजल्यावांचून कोणीं पॅडलावर पाय ठेवूं नये. तीन ते पांच या वेळांत झोंप डोळ्यांवर येते. ज्याची सायकल रेषा सोडूं लागली त्यास चहा पाजण्यापेक्षां वीस मिनिटें निजूं द्यावें. चहानें डोळे उघडतात, हात स्थिर होत नाहींत.

इंग्लंडांत जुलै महिन्यांत पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारीं लंडनहून समुद्रकांठच्या डनिचपर्यंत सुमारें १८० किलोमीटरांची अशीच रात्रसफर निघते. डनिचला रेल्वे नाहीं, आणि जवळच्या स्टेशनावरून जाणाऱ्या गाडींत सायकलींना जागा थोडी. म्हणून माणसांसाठीं मोटारगाड्या आणि सायकलींसाठीं मालमोटारी आधीं ठरविण्याची वहिवाट तेथें पडली. जपानांत चाकें काढून सायकल थैलींत घातली, कीं ती डब्यांत नेतां येते. आपल्याकडे नागपूरच्या मेट्रोनें सायकल आंत नेण्यास मुभा दिली आहे. उत्तर नागपुरांतील मंडळींनीं तिनें खापरीच्या बाजूस यावें व तेथून मेळ्यास मिळावें. मात्र तिची शेवटची गाडी कितीस आहे, हें त्या दिवशीं विचारून घ्यावें.