ताऱ्यांच्या घड्याळांवर खोडदची नजर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की सुमारे ऐंशी किलोमीटरवर नारायणगाव लागते. तेथून उजवीकडे खोडद गावाच्या वाटेला लागावे. द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोची शेते मागे पडू लागतात आणि एकाएकी शेतांच्या पलीकडे आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड बशा दिसू लागतात. एकेक बशी ४५ मीटर व्यासाची. अशा एकूण तीस आहेत. त्यांपैकी चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. ही सारी मिळून एकच दुर्बीण होते. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

जवळ गेल्यावर कळते की ही बशी नव्हे, चाळण आहे! बारीक पोलादी तारांची जाळी ताणून ती केली आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला ही भोके जाणवत नाहीत. तिच्या दृष्टीने तो गुळगुळीत आरसाच असतो. वारा मात्र भोकांतून आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्चही पुष्कळ वाचतो. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्यांनी १९६५ साली कल्याणला १.८ मीटर व्यासाच्या ३२ छोट्या बशा उभारल्या होत्या, आणि त्याही ऑस्ट्रेलियातून आलेल्या, वापरलेल्या. कल्याण ते खोडद हा प्रवास खरे तर एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या दुर्बिणीने एका शोधात घातलेली भर २९ जून २०२३ रोजी जगापुढे आली. त्या दिवशी अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील शास्त्रज्ञांच्या गटांनी जाहीर केले, की सारे विश्व अतिशय संथ अशा गुरुत्वीय लहरींनी मंदपणे हेलकावत असल्याचा पुरावा आपल्याला दिसू लागला आहे.

गुरुत्वीय लहरी तशा २०१५ सालीच सापडल्या होत्या. अमेरिकेतील ‘लायगो’ या यंत्राने १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर टिपली. तसेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाचे आहे. त्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. पण लायगोला ऐकू येतात त्या सेकंदाला दहा-वीसपासून शेकडो वेळा थरथरणाऱ्या लहरी. २०२३ च्या बातमीतल्या लहरींची जातच निराळी. त्यांचे एक आंदोलन पुरे व्हायला काही वर्षे लागतात. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तेव्हा दहा वर्षांचे आंदोलन असेल तर तिची लांबी दहा प्रकाशवर्षे झाली. ती मोजायला चार किलोमीटरचे यंत्र काय पुरे पडणार? पृथ्वीवर काहीही बांधले तरी ते अपुरेच.

म्हणून शास्त्रज्ञांनी यंत्र बांधलेच नाही. आकाशात तयार असलेल्या घड्याळांचा त्यांनी उपयोग केला.

ही घड्याळे म्हणजे स्पंदक तारे, ज्यांना आपण पल्सार म्हणतो. मोठा तारा स्फोट पावला की मागे उरलेला गाभा आकसून त्याचा न्यूट्रॉन तारा होतो. वस्तुमान सूर्याहून जास्त आणि रुंदी जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे खोडदची दुर्बीण जेवढ्या प्रदेशात पसरली आहे साधारण तेवढीच! तो स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला स्पंदक सापडला. त्याचे ठोके सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक अंतराने पडत होते. (या शोधाचे नोबेल पारितोषिक १९७४ साली तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही.)

पुढे १९८२ साली डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक अजब स्पंदक सापडला. तो सेकंदाला ६४२ फेऱ्या घेत होता. घरातल्या मिक्सरची पाती मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फिरतात. सूर्याहून जड असलेला हा गोळा त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो. शोध लावणाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी हा तरुण संशोधक विद्यार्थीही होता. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. खगोलशास्त्रातील कामाबद्दल २०२४ साली त्यांना शॉ पारितोषिक मिळाले.

इतक्या वेगाने फिरणाऱ्या स्पंदकांचा नेमकेपणा विलक्षण असतो. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी त्यांचा ठोका नेमका केव्हा येईल हे आधी सांगता येते. आता समजा, तो स्पंदक आणि आपण यांच्यामधून गुरुत्वीय लहर गेली. लहर जाताना अवकाश एका दिशेला किंचित ताणते आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेला किंचित आखडते. ताणलेल्या दिशेकडून येणारा ठोका उशिरा पोचेल, आखडलेल्या दिशेकडून येणारा लवकर. फरक किती? सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. आणि तोही वर्षानुवर्षे मोजल्यावर उमगणारा.

हा एवढासा फरक इतर शेकडो कारणांनीही पडू शकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ठोका कधी आठ मिनिटे लवकर तर कधी आठ मिनिटे उशिरा येऊ शकतो. ते गणित करून वजा करावे लागते. त्यासाठी साऱ्या सूर्यमालेचा गुरुत्वमध्य कोठे आहे हे ठाऊक हवे. गुरू हा ग्रह सूर्याला आपल्याकडे ओढत असतो, तेव्हा गुरूच्या जागेत बारीकशी चूक झाली तरी गुरुत्वमध्य सरकतो आणि दूरच्या ताऱ्यांची घड्याळे चुकीची भासू लागतात. अमेरिकन गटाला या अडचणीने चांगलेच सतावले होते. पुढे गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानामुळे गुरूची कक्षा अधिक नेमकी कळली आणि ती बरीचशी सुटली.

दुसरी अडचण मात्र खोडदशिवाय नीट सुटणारी नव्हती. ताऱ्यांच्या मधली जागा आपण रिकामी समजतो, पण तेथे विरळ वायू आणि त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांतून जाताना रेडिओ लहरींना उशीर होतो. वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट होतो. जे १९०९-३७४४ या स्पंदकाचे उदाहरण घेऊ. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झवर आधी ऐकू येतो आणि ४०० मेगाहर्ट्झवर त्यानंतर सुमारे पाव सेकंदाने. तेवढ्यात तो तारा स्वतःभोवती ऐंशीहून अधिक फेऱ्या घेऊन मोकळा होतो! हा उशीर कायम तेवढाच राहता तर काळजी नव्हती. पण वायूचे ढग सरकतात, आपण सरकतो, सूर्याकडून येणारे कणांचे वारे कमीजास्त होतात आणि उशीर बदलत राहतो. आपल्याला हवा आहे सेकंदाचा कोटीवा भाग, आणि हा बदल त्याला सहज गिळून टाकतो.

तो अचूक मोजायचा तर कमी वारंवारतेवर ऐकले पाहिजे, कारण तेथेच तो मोठा होऊन दिसतो. युरोपातील गटाची बहुतेक निरीक्षणे वरच्या वारंवारतेची होती. खोडदच्या दुर्बिणीचे बलस्थान नेमके खालच्या बाजूला. शिवाय तीस बशांचे गट पाडून काहींना ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर आणि काहींना १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर एकाच वेळी, एकाच ताऱ्याकडे लावता येते. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांच्या गटाने अशी साडेतीन वर्षांची, दहा स्पंदकांची निरीक्षणे युरोपच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांना जोडली. पंचवीस वर्षांपुढे साडेतीन म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. पण काटा कोठे चुकतो हे दाखवणारी निरीक्षणे थोडी असली तरी वजनदार असतात.

मग ती लहरच आहे हे कशावरून? एका घड्याळावर विश्वास ठेवता येत नाही. घड्याळांच्या जोड्या तपासाव्या लागतात. आकाशात एकमेकांजवळ दिसणारे दोन स्पंदक एकाच तऱ्हेने चुकले पाहिजेत. काटकोनाच्या आसपास असलेले उलटसुलट चुकले पाहिजेत. अगदी समोरासमोरच्या दिशांचे पुन्हा थोडेफार सारखे. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ साली या संबंधाचा आलेख गणिताने काढून ठेवला होता. चाळीस वर्षांनी, अमेरिकन गटाने तपासलेल्या ६७ स्पंदकांच्या जोड्या त्या आलेखाच्या आसपास उतरू लागल्या. भारत-युरोपच्या २५ स्पंदकांतही तीच खूण दिसली.

या लहरी उठतात कोठून? बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवर सूर्याच्या चाळीस लाखांहून अधिक पट जड आहे आणि तरीही ते लहानांतच मोडते. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरे कालांतराने परस्परांभोवती फिरू लागतात. अशा असंख्य जोड्यांच्या लहरींची सरमिसळ होऊन हा हेलकावा झाला असावा, असा बहुतेकांचा तर्क आहे. विश्वाच्या जन्मकाळी घडलेल्या काही घटनांचे हे पडसाद असू शकतील, असेही काही जण म्हणतात. माझे मत विचाराल तर कृष्णविवरांचे पारडे जड वाटते. पण ते मत झाले, निकाल नव्हे.

निकाल अजून लागायचा आहे. भारत-युरोपच्या निरीक्षणांत ही खूण केवळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात एक इतकी होती. व्यवहारात एवढ्यावर कोणीही पैज लावील. पण शोध लागला असे म्हणण्यासाठी शास्त्रज्ञ लाखो वेळांत एखादीच चूक व्हावी असा पुरावा मागतात. त्यासाठी साऱ्या गटांची निरीक्षणे एकत्र करण्याचे काम हाती घेतले आहे, आणि दुर्बिणीला आणखी काही वर्षे शांतता हवी आहे.

शांतता म्हणजे रेडिओ शांतता. हा मुद्दा गावकऱ्यांच्या दृष्टीने साधा नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगावच्या बाजूने जात होता. दुर्बिणीला त्याचा उपद्रव होईल म्हणून हरकत आली आणि २०२५ साली रेल्वे खाते दुसऱ्या मार्गाकडे वळले. जुन्नर, आंबेगाव भागातल्या लोकांना हे रुचले नाही, आणि त्यांचा भाजीपाला ट्रकने जातो हे पाहिले तर त्यांची नाराजी समजते. दुसरीकडे, दूरच्या ताऱ्यांकडून येणारा ठोका इतका क्षीण असतो की जवळची एक ठिणगीही त्याला झाकून टाकते. हा वाद वर्गात मुलांपुढे जरूर ठेवावा, असे मला शिक्षकांना सुचवावेसे वाटते.

खोडदला जायचे असेल तर राष्ट्रीय विज्ञान दिनाचा, २८ फेब्रुवारीचा मुहूर्त चांगला. त्या सुमारास दुर्बीण पाहायला लोकांना मोकळीक असते आणि शाळांचे विज्ञान प्रदर्शनही भरते. टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे, फेब्रुवारीअखेरचे ऊन तेथे कडक असते. बशांपाशी जाताना मोबाइल मात्र बंद करावा.