वऱ्हाडच्या कापसाची नदीवाट

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडच्या दोन प्रमुख जिल्ह्यांत नदीबंदर नाही आणि पूर्वीही नव्हते. पूर्णा नदी या मुलखाच्या मधून पश्चिमेकडे तापीला जाऊन मिळते, तर पूर्व सीमेवरची वर्धा दक्षिणेकडे वाहत जाऊन अखेर गोदावरीचे पाणी वाढवते. पण दोन्ही नद्या पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या असल्यामुळे त्यांच्या काठी गलबते कधी नांगरली नाहीत. असे असूनही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या कापसाचे भवितव्य दोन नदीबंदरांशी बांधले गेले होते. त्यांपैकी एक गंगेकाठचे मिर्झापूर, आणि दुसरे प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचे सिरोंचा, ज्याला बंदराचे वैभव लाभावे म्हणून वर्षानुवर्षे खडक फोडण्यात आले, पण ते लाभले नाही.

ही कथा समजण्यासाठी त्या काळच्या सरहद्दी आधी ध्यानात घ्याव्या लागतात. अकोल्याजवळच्या अडगावच्या लढाईनंतर आणि गाविलगड पडल्यानंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदी ही नागपूरकर भोसले व हैदराबादचे निजाम यांच्या राज्यांमधील सीमा ठरली. आज कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की समोर केवळ शेजारचा जिल्हा दिसतो. त्या काळी मात्र पलीकडचा काठ हे दुसरे राज्य होते. अमरावतीच्या पेठेतून निघालेला कापूस निजामाच्या अमलातून भोसल्यांच्या मुलखात, तिथून जबलपूरमार्गे कंपनी सरकारच्या प्रदेशात आणि शेवटी गंगेच्या घाटावर पोहोचत असे, म्हणजे एका हंगामाच्या मालाला तीन सत्तांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. हा प्रवास सुमारे ५०० मैलांचा होता. मिर्झापूरला माल नावांत चढे आणि गंगेच्या प्रवाहाबरोबर कलकत्त्याकडे जाई.

हा माल वाहून नेणारे होते बंजारे, म्हणजे बैलांच्या तांड्यांवर धान्य, मीठ आणि कापूस घेऊन देशभर फिरणारा समाज. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना सैल भरलेले बोजे टाकलेले असत. मुक्कामाला ओझी उतरवायची, पहाटे पुन्हा चढवायची, असा क्रम कित्येक आठवडे चाले. त्यात बोज्यांना धूळ लागे, अवकाळी पावसाने रुई भिजे, आणि चालता चालता मागचा बैल पुढच्याच्या बोज्यातून बाहेर आलेल्या रुईला तोंड लावी. वऱ्हाडी कापूस मळका असतो अशी तक्रार परदेशी बाजारात होत असे. तिचे खापर पिकवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर फुटत असले, तरी दोषाचा बराच वाटा या लांबच लांब वाटेचा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून या वाटेने कलकत्त्याकडे पाठवल्याचे सांगतात, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आकड्यात थोडी अतिशयोक्ती धरली, तरी या वाटेचा पसारा त्यावरून कळतो.

पश्चिमेकडची वाट त्याआधीच उघडू लागली होती. विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी बंधूंनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला धाडला. त्या पहिल्या खेपेत ५०० बैलांवर १,२०,००० पौंड माल होता, म्हणजे दर बैलामागे २४० पौंड. वाहतुकीचे साधन तेच, बैलाची पाठ; पण शेवटी नदीच्या घाटाऐवजी समुद्राचे बंदर आले, आणि वऱ्हाडच्या व्यापाराचे तोंड हळूहळू पूर्वेकडून पश्चिमेकडे वळू लागले.

तरीही नदीचा विचार संपला नाही. सर आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला होता. रेल्वेपेक्षा जलमार्ग कितीतरी स्वस्त पडतात हे मत त्यांनी आयुष्यभर हिरिरीने मांडले, आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्या जोडून वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून थेट काकीनाड्याच्या बंदरात उतरवता येईल, या कल्पनेला त्यांच्यामुळे बळ आले. कागदावर ही वाट सरळ दिसते. वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते, तिथून पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. अडचण होती ती पात्रातल्या खडकांची. गोदावरीवर दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली येथे, तर प्राणहितेवर देवलमरी येथे, अशा तीन ठिकाणी खडकांच्या लांब रांगा नावांची वाट अडवून बसल्या होत्या. या तीन अडसरांना वळसा घालण्यासाठी बंधारे, कालवे आणि जलपाश बांधण्याचे ठरले. जलपाश म्हणजे दोन दारांमधले असे बांधीव कुंड, की ज्यात पाणी चढवून किंवा उतरवून नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेता येते.

राजकारणाने या योजनेला साथ दिली. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता, आणि १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी व वैनगंगा यांच्या डाव्या काठचा मुलूख त्यांना दिला. शिवाय या नद्या जिथे दोन राज्यांची सीमा होत्या, तिथे त्यांच्यावरून जाणाऱ्या मालाला जकात माफ झाली. सीमेवरच्या नदीवर दोन्ही काठांनी कर न घेण्याचे मान्य करणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती, कारण जकातीची नाकी हे संस्थानांच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन असे. सिरोंचा हे नव्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा तर या कामाची निकड आणखी वाढली.

मात्र खडकांपेक्षाही कठीण अडचण वऱ्हाडच्या पंचांगात होती. कपाशी फुटली की शेतकरी सीतादही करतो, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणीला सुरुवात करतो; त्यानंतर वेचा घरी येणे, सरकी काढणे, बोजे भरणे आणि पेठेत भाव ठरणे यांत थंडीचे दिवस निघून जातात. म्हणजे रुई बाजारात येते तेव्हा नदी आटत आलेली असते, आणि नदीला नाव चालण्याजोगे पाणी असते तेव्हा कपाशी शेतात हिरवी उभी असते. पावसाळ्यापर्यंत माल काठावर साठवून ठेवायचा, तर त्यात भांडवल अडकणार, ओल लागणार आणि तोवर भाव पडला तर नुकसान होणार. हे कोणताही अडत्या योजनाकारांना सांगू शकला असता.

आगगाडीला असे पंचांग नव्हते. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेरा ओलांडून, पुलगावपाशी वर्धेवरून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटाही सुरू झाला. मिर्झापूरची भरभराटही रेल्वे आल्यावर ओसरली. १८७१ मध्ये गोदावरीवरचे काम सरकारने सोडून दिले आणि १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला. कॉटन यांची नदीवरची निष्ठा खोटी नव्हती. त्यांच्या हिशेबात टनामागचा खर्च होता, पण मालाची वेळ नव्हती.

सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे, आणि जवळच्या ग्लासफर्डपेठा या गावाच्या नावात त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची आठवण उरली आहे. कापसाची नाव आली नाही, पण जंगलातले सागवान मात्र प्रवाहात सोडून राजमहेंद्रीकडे नेले जाई, कारण लाकडाला पावसाळ्याची वाट पाहण्याने काही बिघडत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता या नद्यांची नावे पुन्हा आली आहेत. गोदावरी इथे आता महाराष्ट्र आणि तेलंगण यांची सीमा आहे, आणि सिरोंच्याच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणाने बांधलेला बराज २०१९ ते २०२३ या काळात तिचे पाणी अडवत होता. त्या फुगवट्यात आपली शेती बुडत असे, असे सिरोंच्याच्या काठावरचे शेतकरी सांगतात.